धोरण ठरतं तेव्हा छोट्या धंदेवाल्याच्या वतीने बोलतं कोण?

सातपूरकर

नमस्कार मंडळी. नाशिकला माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी, एक व्हीएमसी (संगणकावर चालणारी धातू कापायची यंत्रं), आणि मोठ्या कारखान्यांसाठी शाफ्ट-बुशचं जॉबवर्क. धागा काढायला निमित्त झालं ते 45 दिवसांच्या नियमाचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 2023 च्या अर्थसंकल्पात तेव्हाच्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम 43बी मध्ये (एच) हा खंड आला आणि 2023-24 च्या हिशेबापासून लागू झाला. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल खरेदीदाराने 45 दिवसांत, आणि लेखी करार नसेल तर 15 दिवसांत चुकतं केलं नाही, तर त्या वर्षी त्याला तो खर्च वजा करता येत नाही. पैसे देईल त्या वर्षी वजावट.

हेतू शंभर टक्के आपल्या बाजूचा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण मार्च 2024 मध्ये एका जुन्या पार्टीच्या खरेदी विभागाकडून विचारणा आली, की तुमची उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) कोणत्या वर्गात आहे? मग फोन आला, नोंदणी रद्द करता येते का बघा, नाहीतर पुढची पीओ (खरेदीची ऑर्डर) आम्हाला 'मध्यम' वर्गातल्या पुरवठादाराकडे वळवावी लागेल. मध्यम उद्योगाला हा नियम लागू नाही ना! मी नोंदणी ठेवली. त्या पार्टीचं काम निम्म्यावर आलं.

आमच्यातल्या कुणालाही आधी विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, की मोठा खरेदीदार पैसे लवकर देणार नाही, पुरवठादार बदलेल. म्हणून प्रश्न असा, की असं काही ठरतं तेव्हा छोट्यांना विचारतात का? विचारत असतील तर कुणाला? आणि आपलं म्हणणं तिथपर्यंत पोचवायचा रस्ता कोणता? अनुभव लिहा. नुसत्या शिव्या नकोत, त्या आपण चहाच्या टपरीवर रोज घालतोच.

हिशेबनीस

सीए आहे, म्हणून थोडी भर घालतो.

45 दिवसांची मर्यादा नवी नाही. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात ती आहेच. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. दाद मागायला फॅसिलिटेशन कौन्सिल आहे. कौन्सिलच्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. कायदा कागदावर इतका कडक आहे. तरी माझे अशील तक्रार करत नाहीत, कारण तक्रार केली की गिऱ्हाईक गेलं. म्हणून सरकारने कर खात्याच्या बाजूने पाचर मारली.

विचारलं का, याचं उत्तर अर्धं होय. अर्थसंकल्पाआधी संघटनांच्या बैठका होतात, थकलेल्या बिलांचं गाऱ्हाणं तिथे वर्षानुवर्षं मांडलं जात होतं. पण अर्थसंकल्पातल्या तरतुदीचा मसुदा आधी कुणाला दाखवत नाहीत. दुखणं ऐकलं, औषध मात्र परस्पर ठरलं. मध्यम उद्योग वगळला, व्यापारी वगळले, त्यातून पळवाटा तयार झाल्या.

बारभाई

निवेदन दिलं, फोटो काढला, पेपरात छापून आला. पुढच्या वर्षी तेच निवेदन, नवा फोटो, नवी शाल.

धोटा

इचलकरंजीतून लिहितोय. सातपूरकर, तुमच्याकडे निदान नोंदणीची विचारणा आली. आमच्याकडे त्या मार्चमध्ये कापडाचे तागे परत आले. कापडधंद्यात उधारी दोन-तीन महिन्यांची चालते, ती काही काल सुरू झालेली नाही. सुताचे पैसे मात्र लगेच द्यावे लागतात. व्यापारी म्हणाले, 31 मार्चला तुमची बिलं आमच्या वहीत नकोत, माल घेऊन जा, एप्रिलमध्ये बघू. आणि जो खर्चीवाला आहे, म्हणजे दुसऱ्याचं सूत घेऊन पिकावर (विणीतल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर) मजुरी घेणारा, त्याला तर हा नियम आपल्याला लागू होतो की नाही हेच कुणी सांगितलं नाही.

माझं मत सातपूरकरांपेक्षा जरा वेगळं आहे. 'छोटे उद्योग' म्हणून एकच आवाज असतो हे खरं नाही. मागवाला, सूतवाला, कापड व्यापारी तिघेही छोटेच, आणि तिघांचं हित एकमेकांच्या विरुद्ध. या नियमाला मुदतवाढ मागायला जे दिल्लीला गेले त्यांत व्यापारी पुढे होते. आमच्यातल्या बऱ्याच जणांना नियम हवा होता, फक्त तो टप्प्याटप्प्याने यायला हवा होता.

अन्नपूर्णा

धोटादादा, अगदी मनातलं लिहिलंत.

मी सांगलीत पापड, सांडगे आणि शेंगदाण्याची चटणी करते, सोबत बारा-तेरा बायका आहेत. संघटनेच्या बैठका कामाच्या दिवशी सकाळी अकराला, हॉटेलच्या हॉलमध्ये. त्या वेळेला आमचा पापड उन्हात असतो. वार्षिक वर्गणी आम्हाला जड जाते. तिथे 'लघु उद्योजक' म्हणून बोलणाऱ्यांच्या कारखान्यात शंभर-शंभर माणसं असतात. 1 एप्रिल 2025 पासून तर 100 कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योगही 'लघु'. आधी ही मर्यादा 50 कोटी होती. मी आणि ते एकाच वर्गात कसे, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

2018 च्या प्लास्टिकबंदीचं उदाहरण देते. बंदी हवीच होती, ओढ्यात काय वाहतं ते आम्ही रोज बघतो. 23 मार्चला अधिसूचना निघाली आणि 23 जूनला दंड सुरू झाला, पहिल्या वेळी 5,000 रुपये. आमच्या चटणीच्या पाकिटाचं काय, हे तीन महिन्यांत कुणाकडूनही कळलं नाही. किराणा दुकानदारांची संघटना मंत्र्यांना भेटली आणि आठवड्याच्या आत त्यांना सुट्या मालाच्या पॅकिंगपुरती सवलत जाहीर झाली. ज्यांची संघटना होती त्यांचं ऐकलं. आम्ही घरगुती पॅकिंगवाल्या बायका कुणाच्या खिजगणतीत नव्हतो.

पेठेतला वाणी

ताई, ती सवलत आम्हालाही मुकाट्याने मिळाली नाही. आणि त्याआधीचं एलबीटीचं आंदोलन आठवतंय का? 2013 मध्ये जकात काढून पुण्यासह अनेक महापालिकांत स्थानिक संस्था कर आणला. प्रत्येक दुकानदाराने नोंदणी करायची, खरेदीच्या वह्या ठेवायच्या, तपासणीला तयार राहायचं. पुण्या-मुंबईत आठवडेच्या आठवडे दुकानं बंद राहिली. मुंबईत तो कर आलाच नाही. बाकी ठिकाणी 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींच्या आतल्या उलाढालीवर रद्द झाला. तोवर निवेदनांचा ढीग पडला होता, कुणी ढुंकून पाहिलं नाही. शटर खाली ओढल्यावर बैठकीचं बोलावणं आलं. माझ्या मते तरी रस्ता एकच, बंद.

धोटा

वाणीशेठ, तुमचं शटर पंधरा दिवस खाली राहिलं तरी माल आत सुरक्षित असतो. माझा माग बंद राहिला तर कामगार दुसरीकडे जातो आणि वीजबिलाचा स्थिर आकार चालूच राहतो. बंद सगळ्यांना परवडत नाही.

पेठेतला वाणी

मान्य. पण 16 जुलै 2022 चा बंदही आठवा. 25 किलोपर्यंतच्या पाकीटबंद धान्य-पिठावर 5 टक्के जीएसटी जाहीर झाला होता, तेव्हा बाजार बंद ठेवले. 18 तारखेला कर लागलाच. म्हणजे बंदचाही दरवेळी उपयोग होतो असं मी म्हणणार नाही. हे कर ठरतात ते जीएसटी कौन्सिलमध्ये. तिथे केंद्राचे आणि राज्यांचे मंत्री. व्यापाऱ्याला खुर्ची नाही.

हिशेबनीस

खुर्ची नसतानाही तिथे काम झालेलं आहे. ऑगस्ट 2018 ची कौन्सिलची बैठक छोट्या उद्योगांच्या प्रश्नांसाठीच घेतली होती. मंत्रिगट नेमला, राज्यांकडून सूचना मागवल्या, आणि जानेवारी 2019 मध्ये मालाच्या व्यवहारांसाठी नोंदणीची मर्यादा 20 लाखांवरून 40 लाख करायचं ठरलं. कंपोझिशनची (छोट्यांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायच्या सोप्या योजनेची) मर्यादा दीड कोटी झाली. सेवा देणाऱ्यांची मर्यादा 20 लाखच राहिली, हेही सांगायला हवं. सेवावाल्यांची बाजू तेव्हा कुणी तितक्या नेटाने मांडली नाही.

फाइलवाले काका

जिल्हा उद्योग केंद्रात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. टेबलाच्या पलीकडून काय दिसायचं ते सांगतो.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा उद्योग मित्र समिती असते. नाशिककडे तिला 'झूम' म्हणतात. उद्योगाची माणसं, वीज कंपनी, एमआयडीसी, महापालिका, कामगार खातं, सगळे एका टेबलाला. कल्पना चांगली आहे आणि काही कामं तिथे खरोखर मार्गी लागायची. पण विषयपत्रिका बघा: अमुक रस्त्यावर खड्डे, तमुक फीडर सारखा बंद पडतो, पथदिवे, सांडपाणी, महापालिका आणि एमआयडीसी दोघांचीही आकारणी. हे सगळे प्रश्न खरे, पण धोरणाचा विषय तिथे सहसा येत नाही. वर मंत्रालयातून एखाद्या मसुद्यावर अभिप्राय मागवला गेला, तर पत्र आमच्याकडे यायचं ते मुदत संपत आल्यावर. दोन दिवसांत उत्तर द्यायचं. मग ज्यांचा फोन नंबर पाठ आहे अशा चार-पाच पदाधिकाऱ्यांना विचारायचो. ते लोक प्रामाणिक होते, पण पापडवाल्या बाईंचा नंबर कुणाकडेच नव्हता.

एक बदल मात्र अलीकडे चांगला झालाय. बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) कायद्याखालच्या गुणवत्ता नियंत्रण आदेशांत आता बहुतेक वेळा लघु उद्योगाला 3 महिने आणि सूक्ष्म उद्योगाला 6 महिने जादा मुदत दिलेली असते. छोट्याला वेगळं माप लावायला हवं हे तत्त्व कुठेतरी मान्य झालं.

सीमोल्लंघन

काका, करोनाच्या काळात आमच्या एका नव्या मेंबरने 'झूमला या' म्हटल्यावर लिंक मागितली होती. जिल्हाधिकारी कार्यालयात या म्हटल्यावर म्हणाला, लॅपटॉप तिकडे आणू का? :)

एडिसनकर

न्यू जर्सीत छोटी छपाईची कंपनी चालवतो, मूळचा डोंबिवलीचा. इथली व्यवस्था सांगतो, उपयोगी पडेल.

1980 चा रेग्युलेटरी फ्लेक्सिबिलिटी अ‍ॅक्ट म्हणून कायदा आहे. केंद्र सरकारचं कोणतंही खातं नियम करताना छोट्या धंद्यांवर मोठा परिणाम होणार असेल, तर तो किती आणि त्याला सौम्य पर्याय कोणते, हे लेखी मांडावं लागतं. छोट्यांची बाजू मांडायला सरकारातच 'ऑफिस ऑफ अ‍ॅडव्होकसी' नावाचं स्वतंत्र कार्यालय आहे. 1996 पासून पर्यावरण आणि कामगार सुरक्षा या दोन खात्यांना असे नियम प्रस्तावित करण्याआधी छोट्या व्यावसायिकांच्या प्रतिनिधींशी बसावं लागतं. पुढे ग्राहक-वित्त खातंही त्यात आलं. त्या कार्यालयाने हरकत घेतली तर अंतिम नियमात तिला उत्तर छापावं लागतं.

पळवाटा इथेही आहेत. 'परिणाम मोठा नाही' असं प्रमाणपत्र जोडलं की खातं सुटतं. पण न्यायालयात त्यावर दाद मागता येते.

धोटा म्हणतात त्या हितविरोधावरही इथे एक रीत आहे. एनएफआयबी ही इथली मोठी संघटना सभासदांना मतपत्रिका पाठवते. एका सभासदाला एक मत, मग दुकान केवढंही असो. कौल येईल ती संघटनेची भूमिका.

खळं

आमच्या तालुक्याच्या बाजार समितीत मी अडत्या आहे. खुर्चीची चर्चा निघाली म्हणून लिहितो. संचालक 18. त्यांत सोसायट्यांचे 11, ग्रामपंचायतींचे 4, व्यापारी-अडत्यांचे 2 आणि हमाल-मापाड्यांचा 1. आमच्या दोघांची मतं मोजली तर ठराव कधीच आमच्या मनासारखा होणार नाही, आणि समिती शेतकऱ्यांसाठी आहे, तेव्हा तसंच असायला हवं. पण विषयपत्रिका आठवडाभर आधी हातात पडते. लिलावाची वेळ बदलायची, पेमेंटचा नियम बदलायचा, हे आधी कळतं. मग आमच्या बाजूची अडचण सभेच्या इतिवृत्तात नोंदवता येते. हरलो तरी नोंद राहते. हमालांचा एकच संचालक, पण आमच्याकडे तोलाईच्या विषयात त्याच्या शब्दाला वजन आहे, कारण आकडे त्याच्याकडे असतात.

ओसरी

थोडं विषयांतर. विधान परिषदेत 78 जागा. शिक्षकांच्या 7, पदवीधरांच्या 7. राज्यपालनियुक्त 12 जागांसाठी साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवा. छोटा व्यावसायिक कुठेच नाही. स्वातंत्र्याआधी मुंबईच्या कायदेमंडळात व्यापार-उद्योगाला राखीव जागा होत्या, इंडियन मर्चंट्स चेंबर आपला माणूस निवडून पाठवायचं. आता एक मतदारसंघ उद्यम नोंदणी असलेल्यांचा करा की!

बारभाई

आणि त्या मतदारसंघातून निवडून कोण येईल? कोणाचा तरी मेहुणा.

फाइलवाले काका

बारभाई, मेहुणा सोडा. त्या राखीव जागांवर तेव्हाही गिरणीमालक आणि मोठे व्यापारीच जायचे. जागा 'व्यापाराची' झाली की व्यापारातल्या सर्वांत मोठ्याची होते. अन्नपूर्णाताईंचा प्रश्न तिथेही सुटत नाही.

फुटपाथ

माझे वडील दादरला कापडाच्या पिशव्या विकतात, आता मीही. पथविक्रेता कायदा 2014 मध्ये आमच्यासाठी खुर्ची लिहूनच ठेवली आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य फेरीवाल्यांनी आपल्यातून निवडायचे, त्यांत एक तृतीयांश बायका. बसायच्या जागा, फी, बाजाराचा आराखडा, सगळं या समितीशी सल्लामसलत करून. कायदा वाचताना आनंद होतो. मुंबईत त्या निवडणुकीसाठी मतदान झालं ऑगस्ट 2024 मध्ये. दहा वर्षं! मधल्या काळात जागा कुणी ठरवल्या? आम्हाला न विचारताच ठरल्या. खुर्ची कायद्यात लिहिली म्हणून कुणी बसू देत नाही.

धोटा

फुटपाथभाऊंचं वाचून वाईट वाटलं. आता मला चांगला अनुभव सांगू द्या, कारण रस्ता कोणता हा मूळ प्रश्न राहूनच गेलाय.

विजेचा दर ठरतो तेव्हा महावितरण राज्य वीज नियामक आयोगाकडे याचिका करते. 2003 च्या वीज कायद्याप्रमाणे ती जाहीर करावी लागते, लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. मग जाहीर सुनावणी, तीही नुसती मुंबईत नाही, पुणे, नाशिक, नागपूर अशा ठिकाणी. तिथे मी गेलेलो आहे. नाव पुकारतात, माइक हातात येतो, समोर आयोगाचे सदस्य बसलेले असतात. माझ्याआधी एका पोलाद कंपनीचा वकील बोलला, माझ्यानंतर एक शेतकरी. मी वर्षभराची बिलं नेली होती. स्थिर आकार किती, प्रत्यक्ष वापर किती, पॉवर फॅक्टरचा दंड किती, आणि मीटरभर कापडामागे त्याचे किती पैसे पडतात, एवढंच एका पानावर लिहिलं होतं.

सगळं मान्य झालं नाही. पण आदेश आला तो वाचून बघा. प्रत्येक विषयाखाली आधी ग्राहकांचं म्हणणं, मग महावितरणचं उत्तर, मग आयोगाचा निर्णय. माझा मुद्दा फेटाळला, पण का फेटाळला ते छापलं. त्या कारणावर पुढच्या वेळी बोट ठेवता आलं. आमच्या भागातली वीज ग्राहक संघटना वर्षानुवर्षं हेच काम चिकाटीने करते. मी तर म्हणेन, खुर्ची नाही दिली तरी चालेल. आमच्या हरकतीला लेखी उत्तर देणं बंधनकारक करा. एडिसनकरांनी सांगितलं त्यातला दमदार भागही तोच आहे.

हिशेबनीस

धोटा, मुद्द्याला हात घातलात. केंद्र सरकारचं 2014 चं एक धोरण आहे, की कायद्याचा मसुदा किमान 30 दिवस लोकांसमोर ठेवायचा, आलेल्या सूचनांचा गोषवारा संकेतस्थळावर टाकायचा. पण ते धोरण आहे, कायदा नाही. पाळलं नाही तर कोर्टात जाऊन काही होत नाही. राज्यात राजपत्रात 'हरकती व सूचना' मागवतात, त्या आल्या की विचारात घेतल्या असं एक वाक्य येतं. कोणत्या आल्या, का नाकारल्या, याचा पत्ता नाही.

सातपूरकर

सगळ्यांचे आभार, खूप कळलं. 45 दिवसांवर परत येतो. धोट्याच्या पद्धतीने आम्ही आठ-दहा वर्कशॉपवाले मिळून एक पानभर तक्ता करतोय. बिलाची तारीख, पैसे आल्याची तारीख, मार्च 2024 आधी आणि नंतर, किती पार्ट्यांनी नोंदणी रद्द करायला सांगितलं. पार्टीचं नाव लिहायचं नाही, नाहीतर कुणीच भरणार नाही. मागणी एकच ठेवायची असं ठरतंय: मध्यम उद्योगाच्या बिलालाही हाच नियम लावा, म्हणजे वर्ग बघून पुरवठादार बदलण्यात कुणाचा फायदा राहणार नाही. हिशेबनीस, हे बरोबर वाटतं का?

हिशेबनीस

पळवाट बुजवायला बरोबर आहे. मध्यमवाले विरोध करतील असं वाटत नाही, त्यांचेही पैसे अडकतात. धोट्यांच्या व्यापाऱ्यांची अडचण मात्र त्याने सुटत नाही, त्यासाठी टप्प्याची मागणी वेगळी ठेवा. ट्रेड्सचा, म्हणजे छोट्यांना बिलांवर आधी पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यासपीठाचा मुद्दाही जोडा. 250 कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना त्या व्यासपीठावर नोंदणी सक्तीची झाली आहे, पण नोंदणी करून बिलं तिथे टाकायचीच नाहीत असं चालतं. तुमच्या तक्त्यात एक रकाना त्याचाही घाला. आणि हे पान अर्थसंकल्पाच्या तोंडावर न देता ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये द्या. जानेवारीत दिलेलं निवेदन म्हणजे वरातीमागून घोडं.

अन्नपूर्णा

सातपूरकरदादा, तुमच्या तक्त्यासारखा आमचाही करता येईल का? अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे लेबलचे नियम सारखे बदलतात, छापलेली पाकिटं वाया जातात. आम्हाला कळतं ते छापणारा सांगतो तेव्हा. आणि हे सगळं इंग्रजीत लिहावं लागतं का?

फाइलवाले काका

ताई, प्राधिकरण नियमांचे मसुदे संकेतस्थळावर टाकतं आणि हरकतींना बहुतेकदा 60 दिवस देतं. मसुद्याबरोबर एक तक्ता असतो, त्यात कलम, तुमचा बदल, त्याचं कारण असे रकाने असतात. तोच भरायचा, बाहेरचं काही लिहायचं नाही. कारणाच्या रकान्यात वाया गेलेल्या पाकिटांची संख्या आणि छपाईचं बिल. तुम्हा सगळ्या बायकांचा मिळून एकच तक्ता नको, प्रत्येकीचा वेगळा पाठवा. हरकती मोजल्या जातात.

भाषेचं म्हणाल तर राज्याला मराठीतच लिहा. केंद्रालाही लिहिता येतं. राज्यघटनेच्या कलम 350 प्रमाणे गाऱ्हाण्याचं निवेदन केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याला, तिथे वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क आहे. सोबत इंग्रजी प्रत जोडली तर टेबलावरच्या माणसाचं काम सोपं होतं. तुमचं मराठी मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, इंग्रजी मी करून देतो.